न कमावलेली क्षमा

येशू ख्रिस्ताच्या मृत्यूची हकिगत सांगताना बायबलमधील चारही शुभवर्तमाने एका कैद्याचा उल्लेख आवर्जून करतात. त्याचे नाव बरब्बा. यरुशलेम शहरात झालेली बंडाळी आणि खून या प्रकरणात तो तुरुंगात होता. अशा बंडखोरांना रोमन सत्ता क्रूसावर चढवीत असे, त्यामुळे त्याचे पुढे काय होणार हे उघड होते. वल्हांडण सणाला लोक मागतील तो एक कैदी सोडायचा प्रघात होता, असे शुभवर्तमाने सांगतात. यहूदिया प्रांताचा रोमन सुभेदार पिलात याने जमावाला विचारले, कोणाला सोडू? जमावाने बरब्बाला मागून घेतले. ज्याच्यावर ठपका ठेवण्याजोगे पिलातालाही काही सापडले नव्हते, तो येशू त्या दिवशी क्रूसावर गेला आणि बरब्बा मोकळा झाला.

सुटकेसाठी बरब्बाने काय केले होते? काहीच नाही. त्याने पश्चात्ताप केल्याची नोंद नाही, कोणाची माफी मागितल्याची नाही, सुटल्यावर तो सुधारला की नाही याचीही नाही. ख्रिस्ती प्रवचनकार शतकानुशतके या माणसाकडे बोट दाखवून सांगत आले आहेत की, आपण सगळे बरब्बाच आहोत. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या एका वाक्यात आहे आणि त्यात दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. पहिली, दोषी माणसाच्या जागी निर्दोष माणसाने मरण सोसले. दुसरी, त्यामुळे मिळालेली क्षमा कोणीही आपल्या पुण्याईने कमावलेली नाही.

‘करावे तसे भरावे’ या न्यायावर वाढलेल्या मनाला हे दोन्ही विचार खटकतात. एकाचे पाप दुसऱ्याने कसे फेडायचे? आणि पात्रता नसताना क्षमा मिळत असेल, तर चांगले वागायचे कशाला? हे प्रश्न केवळ आपल्याकडचे नाहीत. ख्रिस्ती विचारवंतांनी दोन हजार वर्षे ते स्वतःलाच विचारले आणि त्यावर आपापसांत कडाक्याचे वाद घातले. त्या सगळ्या वादांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: क्षमेची किंमत कोण मोजतो? हा धागा धरून ठेवला, तर ही श्रद्धा समजायला सोपी जाते. ती मान्य करावी की न करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण शेजाऱ्याच्या धर्माचा गाभा नीट समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

मंदिरातील दोन बोकड

येशू यहुदी होता, त्याचे पहिले शिष्य यहुदी होते आणि बलिदानाविषयीची त्यांची समज यरुशलेमच्या मंदिरात घडली होती. म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे. यहुदी लोक त्या दिवसाला योम किप्पूर म्हणतात. त्या दिवशी प्रमुख याजक आपला भरजरी पोशाख उतरवून तागाची साधी वस्त्रे नेसत असे. आधी तो स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करी, कारण याजकही दोषमुक्त नव्हता. मग लोकांच्या वतीने दोन बोकड आणले जात. चिठ्ठ्या टाकून त्यांतला एक परमेश्वरासाठी आणि दुसरा ‘अजाजेला’साठी ठरे. पहिल्याचा बळी देऊन त्याचे रक्त पडद्याआडच्या परमपवित्र स्थानात शिंपडले जाई. त्या गाभाऱ्यात वर्षातून त्याच दिवशी आणि त्या एकट्या याजकालाच पाऊल टाकता येई. दुसऱ्या, जिवंत बोकडाच्या डोक्यावर याजक आपले दोन्ही हात ठेवी आणि सगळ्या लोकांचे अपराध कबूल करी. त्यानंतर एक माणूस तो बोकड घेऊन रानात जाई. मिश्ना या यहुदी ग्रंथात या विधीचे आणखी बारकावे नोंदलेले आहेत. चिठ्ठ्या पेटीतून काढल्या जात, रानात जाणाऱ्या बोकडाच्या डोक्याला किरमिजी धागा बांधला जाई आणि त्याला नेणाऱ्या माणसासाठी वाटेत ठिकठिकाणी मांडव घातलेले असत.

वर्षभर मनावर साचलेला अपराध वस्तीच्या हद्दीबाहेर निघून जाताना लोक डोळ्यांनी पाहत. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रागावलेल्या देवाला लाच देऊन शांत करणे, असा या विधीचा अर्थ नव्हता. त्याच पुस्तकाच्या पुढच्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो आणि प्रायश्चित्तासाठी ते रक्त मीच तुम्हाला दिले आहे. म्हणजे प्रायश्चित्ताचे साधनही देवाकडूनच आलेले. पुढे ख्रिस्ती विचाराने नेमका हाच धागा उचलला.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जमीनदोस्त केले आणि पशुबळी थांबले. यहुदी धर्माने पश्चात्ताप, प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांच्या आधारे योम किप्पूर आजवर जपला आहे. मंदिर उभे असतानाच येशूच्या अनुयायांनी मात्र वेगळी दिशा धरली होती.

क्रूसाचा अर्थ लावताना

क्रूस ही रोमन साम्राज्यातील सर्वांत लाजिरवाणी शिक्षा होती. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी ती राखून ठेवलेली असे. आपला गुरू असा मेला, हा शिष्यांना जबरदस्त धक्का होता. तो पुन्हा उठला या विश्वासाने त्यांना उभारी आली, तरी प्रश्न उरलाच: मग त्याने मरायचे कशाला?

उत्तर त्यांना आपल्याच धर्मग्रंथांत सापडले. मिसर देशातील गुलामगिरीतून सुटण्याच्या रात्री इस्राएली घरांच्या दारांना कोकराचे रक्त लावले होते आणि त्या घरांवरून मृत्यू पुढे निघून गेला, अशी निर्गम या पुस्तकातील कथा आहे. वल्हांडण सण तिचीच आठवण. येशूला मारले गेले तेही याच सणाच्या दिवसांत. यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायात इतरांचे अपराध स्वतःवर घेऊन मूकपणे दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचे वर्णन आहे. यहुदी परंपरा बहुधा त्या सेवकात छळ सोसणारे इस्राएल राष्ट्र पाहते. ख्रिस्ती लोकांना त्यात येशूचा चेहरा दिसला.

हा अर्थ लावायला फार काळ लागला नाही. इ.स. ५४ च्या सुमारास पौल या ख्रिस्ती प्रेषिताने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, ही शिकवण मला मिळाली तशी मी तुम्हाला दिली. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतच ती परंपरा म्हणून हातोहात पोहोचत होती. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एक पाऊल पुढे टाकतो. चांगल्या माणसासाठी जीव द्यायला कदाचित कोणी तयार होईल, असे तो म्हणतो. पण ख्रिस्त मेला तो आपण पापी असताना, देवाशी वैर धरून असताना. आधी सुधारा मग क्षमा, हा क्रम पौल उलटा करतो. आधी क्षमा, आणि तिच्यातून सुधारणा.

लूकच्या शुभवर्तमानात याचे अगदी जवळून दर्शन घडते. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार क्रूसावर होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणतो की, आपल्याला आपल्या कर्माचे योग्य फळ मिळते आहे, याने मात्र काही वावगे केलेले नाही. मग तो येशूला विनवतो, माझी आठवण ठेव. येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकात नेण्याचे वचन देतो. त्या माणसाचे हातपाय खिळलेले. चोरी परत करायला वेळ नाही, दान करायला पैसा नाही, व्रत करायला आयुष्य उरलेले नाही. देण्यासारखे काहीही जवळ नसताना त्याला सर्व काही मिळाले. महाराष्ट्रातील चर्चमध्ये गुड फ्रायडेला येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर मनन होते, त्यांतला दुसरा उद्गार हाच.

किंमत कोणाला दिली?

ख्रिस्ताच्या मरणाने क्षमा मिळाली, यावर सगळ्या पंथांचे एकमत झाले. ती कशी मिळाली यावर मात्र एकमत झाले नाही. चौथ्या शतकात सिद्ध झालेल्या नायसियाच्या श्रद्धासूत्रात ख्रिस्त आपल्यासाठी क्रूसावर गेला एवढेच म्हटले आहे. त्यामागची रीत कोणत्याही सार्वत्रिक धर्मपरिषदेने ठरवून दिली नाही. त्यामुळे प्रत्येक युगाने आपापल्या अनुभवातून ती समजावून सांगितली.

सुरुवातीच्या शतकांत चाचे माणसे पळवत आणि खंडणी घेऊन सोडत. येशूने आपला जीव खंडणी म्हणून दिला, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहेच. माणूस सैतानाच्या कैदेत होता आणि ख्रिस्ताच्या जिवाच्या मोबदल्यात सुटला, असे तिसऱ्या शतकातील ओरिजेनने मांडले. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीने यावर थेट हरकत घेतली. दरोडेखोराला एवढी मोठी खंडणी देव कशाला देईल? आणि पित्याला दिली म्हणावे, तर माणूस पित्याच्या कैदेत नव्हताच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने कोर्टकचेरीची भाषा कधी फारशी वापरली नाही. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्त मृत्यूच्या घरात शिरला आणि आतून त्याचे दरवाजे मोडून माणसाला बाहेर घेऊन आला.

अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने हा प्रश्न नव्याने हाती घेतला. इंग्लंडच्या राजाशी बेबनाव झाल्याने तो इटलीत परागंदा होता. तिथे १०९८ साली त्याने ‘देव मनुष्य का झाला’ या प्रश्नावरचा आपला संवादग्रंथ पुरा केला. तो काळ सरंजामशाहीचा. धन्याचा मान राखणे हा तेव्हा समाजाचा कणा होता. अँसेल्म म्हणतो, पाप म्हणजे देवाला द्यायचा मान न देणे. त्याची भरपाई माणसाने करायला हवी, कारण देणे त्याचे आहे. पण ती करण्याची ऐपत फक्त देवात आहे. म्हणून भरपाई करणारा देवही हवा आणि मनुष्यही हवा.

पुढच्याच पिढीत पॅरिसच्या पीटर अबेलार्डने यावर बोट ठेवले. निरपराध्याच्या रक्ताची किंमत मागणे क्रूरपणाचे नाही का, असा त्याचा रोखठोक सवाल होता. ख्रिस्ताच्या मरणात देवाचे प्रेम दिसते आणि त्या दर्शनाने माणसाचे मन पालटते, हे त्याचे उत्तर. या दोघांमधला वाद आजही चर्चच्या व्यासपीठांवर चालू आहे.

लूथरची तळमळ, कॅल्विनचा कायदा

सोळाव्या शतकात जर्मनीतील मार्टिन लूथर या मठवासी साधूला हा प्रश्न अतोनात छळत होता. तो तासन् तास पापकबुली करी आणि तरी एखादे पाप सांगायचे राहून गेले असेल या भीतीने पुन्हा परत येई. आपण देवाला पसंत पडण्याइतके चांगले कधी होणार? पौलाच्या रोमकरांस पत्राचा अभ्यास करताना त्याला उमगले की, नीतिमत्त्व हे देव माणसाकडे मागतो ते नसून देव माणसाला देतो ते आहे. त्याच काळात पापांची शिक्षा माफ करणारी क्षमापत्रे विकली जात होती आणि त्यांतला काही पैसा रोममधील सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामासाठी जात होता. १५१७ साली लूथरने त्याविरुद्ध पंचाण्णव विधाने मांडली. क्षमा विकत मिळते या कल्पनेची त्याला चीड आली, कारण त्याच्या मते तिची किंमत आधीच मोजली गेली होती.

फ्रान्समधून परागंदा होऊन पुढे जिनिव्हात स्थिरावलेल्या जॉन कॅल्विनचे शिक्षण कायद्याचे होते. त्याच्या प्रमुख धर्मविषयक ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३६ ची आणि अखेरची मोठी आवृत्ती १५५९ ची. अँसेल्मने मानाची भरपाई म्हटले होते, कॅल्विनने शिक्षा म्हटले. न्यायाधीशासमोर माणूस दोषी ठरला आहे आणि त्याला होणारी शिक्षा ख्रिस्त स्वतः भोगतो, ही मांडणी प्रोटेस्टंट जगात सर्वांत जास्त रुजली. कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत १५४७ साली आपली बाजू स्पष्ट केली: सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, मात्र माणसाने तिला साथ द्यायची असते आणि तिच्यामुळे तो आतून खरोखर बदलतो. या मुद्द्यावर युरोप दुभंगला. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव त्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केले.

आक्षेप, आणि तेही जड

या श्रद्धेवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप बायबलमध्येच आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात ठासून सांगितले आहे की, बापाच्या पापाचे ओझे मुलावर पडणार नाही. जो पाप करील तोच मरेल. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९३ च्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने मांडला. पैशाचे कर्ज दुसरा फेडू शकतो, पण नैतिक दोष इतका खाजगी असतो की तो दुसऱ्याच्या नावावर चढवताच येत नाही.

दुसरा आक्षेप इटलीच्या फाउस्टो सोझिनी याचा. त्याने १५७८ साली लिहिलेला ग्रंथ १५९४ मध्ये छापला गेला. कर्ज फेडले गेले असेल तर माफ झाले असे म्हणता येत नाही, आणि माफ झाले असेल तर फेडायची गरज काय, हा त्याचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद.

ख्रिस्ती विचारवंतांच्या उत्तराची सुरुवात क्षमेच्या अनुभवापासून होते. मित्राला दिलेले दहा हजार रुपये मी सोडून दिले, तर ते हवेत विरत नाहीत. त्या महिन्याच्या माझ्या घरखर्चात तेवढी तूट येते. मित्राचे देणे माफ झाले आणि ते फेडलेही गेले, फक्त माझ्या खिशातून. सोझिनीने माफ करणारा आणि भरणारा हे दोन वेगळे इसम धरले होते. ख्रिस्ती श्रद्धेत ते एकच आहेत. ख्रिस्तामध्ये देव स्वतः जगाशी समेट करत होता, असे पौल लिहितो. रागावलेला पिता एकीकडे आणि मार खाणारा निरपराध पुत्र दुसरीकडे, असे चित्र काही प्रवचनांतून रंगवले जाते. ते या श्रद्धेवर अन्याय करते. पिता आणि पुत्र एकच देव आहेत, ही त्रैक्याची शिकवण बाजूला काढली की क्रूस खरोखरच क्रूर दिसू लागतो. ती जागेवर ठेवली, की न्यायाधीशच खुर्चीवरून उतरून शिक्षा अंगावर घेताना दिसतो.

कांटच्या आक्षेपाला मात्र इतके सरळ उत्तर नाही. दोष खरोखर एकाकडून दुसऱ्याकडे जातो का? दोष जात नाही, पण त्याचे परिणाम दुसऱ्याला आपल्या अंगावर घेता येतात, असे अनेक जण म्हणतात. याला माणसांच्या इतिहासातही दाखला आहे. जुलै १९४१ च्या अखेरीस आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी पळाला, तेव्हा नाझी अधिकाऱ्यांनी बदला म्हणून दहा कैदी उपासमारीने मारण्यासाठी निवडले. त्यांतला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक हा पोलिश सैनिक बायकोमुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला. तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे हा कॅथलिक धर्मगुरू रांगेतून पुढे आला आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाला. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, अजून जिवंत असलेल्या कोल्बेला विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. १९८२ साली रोममध्ये कोल्बेला संत घोषित केले, तेव्हा गायोव्हनिचेक तिथे हजर होता. तो १९९५ पर्यंत जगला.

कोल्बेचे उदाहरण दोन गोष्टी दाखवते. दुसऱ्याच्या जागी उभे राहणे हे जबरदस्तीने झाले तर अन्याय आहे; स्वेच्छेने झाले तर त्याहून मोठे प्रेम नाही. आणि तुलना इथे थांबतेही, कारण गायोव्हनिचेकचा काही गुन्हा नव्हता. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, ख्रिस्त आला तो गुन्हेगाराच्या जागी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो अलीकडच्या दशकांत स्त्रीवादी धर्मचिंतकांनी लावून धरला आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘ख्रिस्तानेही सोसले, तूही सोस आणि क्षमा कर’ असे सांगणारे धर्मोपदेशक होऊन गेले आहेत. हा या शिकवणुकीचा उघड दुरुपयोग आहे. ख्रिस्ताने आपला जीव आपण होऊन दिला. दुसऱ्याच्या गळ्यात सोसणे बांधायचा परवाना त्यातून कोणालाही मिळत नाही.

दोन लाख वर्षांचे कर्ज

क्षमा फुकट मिळते म्हटल्यावर माणूस बेफिकीर होईल, ही भीती पौलाच्या काळापासून आहे. तिला उत्तर देणारा येशूचा एक दाखला मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे. एका राजाच्या चाकरावर दहा हजार टॅलेंटचे कर्ज होते. टॅलेंट हे चांदीचे वजन आणि एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब केला तर कर्ज होते सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाला तीनशे दिवस राबले, तर फेडायला दोन लाख वर्षे लागतील. ऐकणारा मजूर हा आकडा ऐकून थक्क झाला असेल, आणि येशूला तेच हवे होते. राजाने ते सगळे कर्ज सोडून दिले. बाहेर पडताच त्या चाकराला एक सोबती भेटला, त्याच्याकडून शंभर दिनार येणे होते. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे, गरिबाला ती जड जाते. चाकराने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. राजाने मग आपली माफी मागे घेतली.

आपल्यावर झालेला अन्याय किरकोळ आहे असे हा दाखला म्हणत नाही. शंभर दिनार खरेच असतात. ज्याला सहा कोटी सुटले त्याच्या हातून शंभर सुटले नाहीत, तर त्याला आपली सुटका कळलीच नाही, एवढेच तो सांगतो. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ सालच्या ग्रंथात पश्चात्तापाशिवाय, शिष्यत्वाशिवाय वाटल्या जाणाऱ्या कृपेला स्वस्त कृपा म्हटले आणि तिला चर्चचा प्राणघातक शत्रू ठरवले. हिटलरला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फासावर चढवण्यात आले.

आपल्या देशातही या शिकवणुकीची कसोटी लागली आहे. मध्य प्रदेशात गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात भोसकून खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. कायद्याने आपले काम केले होते, तो माणूस शिक्षा भोगत होता. क्षमेने खटला रद्द केला नव्हता. क्षमेने त्याला भाऊ केले. त्या राखीची किंमत सिस्टर सेल्मी यांनी आपल्या दुःखातून मोजली होती.

फुलहॅमहून केडगावकडे

मराठीत ही गोष्ट चारशे वर्षांपासून सांगितली जाते. इंग्रज जेजुईट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे १६१६ साली छापले गेले. त्यात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचीही कथा आहे. पण या श्रद्धेचा सर्वांत जिवंत मराठी दाखला मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सिस्टरांकडे राहत होत्या. त्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम पाहायला पाठवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या, सावरल्या होत्या आणि आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाई शास्त्रे कोळून प्यालेल्या होत्या आणि अशा स्त्रियांना धर्मशास्त्र कोणती शिक्षा सांगते हे त्यांना ठाऊक होते. अशा बायकांची तुम्हाला एवढी काळजी का, असे त्यांनी विचारले. एका सिस्टरने उत्तरादाखल योहानच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकिगत वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीवर बसून बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि तिला झिडकारत नाही. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत हा प्रसंग निर्णायक म्हणून सांगितला आहे. १८८३ सालीच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही पुढे आठ वर्षांनी आपल्याला धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांना जाणवले. विद्वत्तेने पटलेली शिकवण आणि अपात्र असताना मिळालेली क्षमा यांतले अंतर त्यांनी स्वतः अनुभवले होते.

पुढे पुण्याजवळच्या केडगाव येथे त्यांनी मुक्ती मिशन उभे केले. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली तिथे आल्या. फुलहॅमसारख्याच स्त्रियांसाठी तिथे कृपासदन नावाचा विभाग निघाला. तिथे येणाऱ्या स्त्रीला आधी आपले शील सिद्ध करावे लागत नव्हते. घर आधी मिळे, हाताला काम मिळे, अक्षरओळख होई. पौलाने उलटा केलेला तो क्रम रमाबाईंनी केडगावच्या माळरानावर रोजच्या व्यवहारात आणला. त्याची किंमतही मोजली: टीका, बहिष्कार आणि आयुष्यभराचे कष्ट.

आपण ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणतो आणि पुष्कळदा त्यालाच क्षमा समजतो. ख्रिस्ती श्रद्धेला ते पुरेसे वाटत नाही. झालेल्या नुकसानाकडे ती डोळेझाक करू देत नाही. ते पूर्ण मोजायला लावते आणि मग विचारते, आता हे कोण भरणार? दोषी माणसाची ऐपत संपली असेल, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच ते उचलायचे ठरवल्याशिवाय नाते पुन्हा उभे राहत नाही. देवाने ते उचलले, असे ख्रिस्ती माणूस मानतो, आणि म्हणून आपणही उचलायला शिकावे अशी स्वतःकडून अपेक्षा ठेवतो. जिथे ही अपेक्षा पुरी होते तिथे या श्रद्धेचा अर्थ समजावून सांगायला धर्मपंडित लागत नाही.